रोजची शिदोरी

“मावशी, ही शिदोरी कुणी पाठवत नाही हो. गेमच पाठवतो, आपोआप.”

शिंपीणबाईंचा मशीनवरचा पाय जागच्या जागी थांबला. पँट आखूड करून घ्यायला आलेली चष्मेवाली पोरगी त्यांचा मोबाइल हातात घेऊन बसली होती. अडलेला टप्पा सोडवून दे म्हणून बाईंनीच तो तिला दिला होता. खेळ तसा सोपा. वर चिमुकले शिपाई आपले आपण लढतात, अगदी फोन खिशात असला तरी. खाली आपण रंगीत खडे जुळवायचे, म्हणजे त्यांना जोर येतो. आणि रोज सकाळी मैत्रिणीकडून शिपायांसाठी शिदोरी येते.

खेळात बाईंची मैत्रीण एकच, थोरली बहीण. दोघींनी एकाच दिवशी खेळ सुरू केला होता. पण प्रत्यक्षात बोलणं बंद होऊन आता दोन वर्षं झाली होती. ताई शाळेतून निवृत्त झाली, त्या समारंभासाठी बाईंनी तिला कोट शिवला. भाषणात ताईने हात वर केला आणि कोट काखेत टर्रकन उसवला. ताई माइकवरच म्हणाली, “घरचा शिंपी, दुसरं काय होणार!” सभागृह खो खो हसलं. बाई तडक उठून आल्या, त्या पुन्हा ताईची पायरी चढल्या नाहीत.

पण शिदोरी रोज यायची. डोळे उघडले की बाई आधी फोन बघायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. बघा, येतेय ना आठवण! तोंडाने माफी मागायला जीभ रेटत नाही, म्हणून हे असं. एकदा का ताईने फोन केला, की आपण मोठ्या मनाने माफ करून टाकायचं, असा सगळा बेत तयार होता. स्वतः मात्र त्यांनी एकदाही काही पाठवलं नव्हतं. हो, पडतं कोण घेणार?

“तुमचीही जातेय की रोज,” चष्मेवाली म्हणाली. “हे बघा बटण. सुरुवातीला सगळ्यांचं चालूच असतं.”

“माझ्या नावाने? मला न विचारता?”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ताईला काय वाटलं असेल! धाकटी रोज गयावया करतेय? आणि ताईची ती आठवणबिठवण सगळी खोटी. दोन वर्षं आपण वेड्यासारख्या एका यंत्रावर खूश होतो. हेच जास्त लागलं. डोळे भरून आले, ते त्यांनी गिऱ्हाइकाच्या पँटलाच पुसले. मग दुकानाला कुलूप घातलं आणि सरळ ताईचं घर गाठलं. तीन जिने चढेपर्यंत पुरती दमछाक झाली. दार उघडल्या उघडल्या त्यांनी तोंड सोडलं.

“हे बघ, गैरसमज नको. त्या शिदोऱ्या मी पाठवत नव्हते. एकही नाही! आणि तूही पाठवत नव्हतीस, ते आज कळलं मला. सगळं आपोआप चालतं म्हणे. झालं, फिटलं!”

ताई आत जाऊन आपला फोन घेऊन आली, खेळ उघडला आणि बाईंच्या डोळ्यांपुढे धरला. तिचं ते बटण बंद होतं.

“बंद?” बाई चाचरल्या. “मग आज सकाळची कशी आली?”

“तुझी आपोआप येते, हे मला मागच्या वर्षीच कळलं,” ताई म्हणाली. “त्याच दिवशी मी माझं बटण बंद केलं. म्हटलं, दोघींपैकी एकीने तरी रोज हाताने पाठवायला हवी.”