चव बघायला आलेली आई

"मीठ जरा कमी वाटतंय. अजून एक वाटी द्या, मग नक्की सांगते," चिमणीची आई म्हणाली, आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजच्या दिवशी तरी हिने गप्प बसायचं होतं. तपासनीस बाई शाळेच्या फाटकातून आत येत होत्या.

नियम सरकारी होता. वजन कमी भरलेल्या मुलांसाठी जे शिजेल ते आधी एखाद्या पालकाने चाखायचं, मगच मुलांना वाढायचं. बाकीच्या आया कामाधामाच्या. त्यांनी आपापली पाळी खुशाल चिमणीच्या आईच्या गळ्यात घातली. तिचं काम सुटलं होतं, त्यामुळे ती रोज सगळ्यांच्या आधी हजर. एक वाटी वरची, एक तळातली. कधी मीठ कमी, कधी डाळ कच्ची. मुलं मात्र ताटं चाटूनपुसून मोकळी होत, आणि काडीसारख्या चिमणीच्याही गालांवर आता थोडं बाळसं दिसू लागलं होतं.

मावशी स्वतः पुन्हा पुन्हा चाखून बघत. काही म्हणजे काही बिनसलेलं नसे. एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून रांधलं आणि ही बया रोज खोड काढते! त्यातून वेळ नेमकी वाईट. सगळ्या शाळांसाठी मिळून एक मोठं स्वयंपाकघर होणार होतं आणि त्याची मुख्य कोण, ते ठरवायला बाई आल्या होत्या. मावशींना ती जागा फार हवी होती. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. तिथे खुर्चीत बसून नुसतं सांगायचं होतं, पातेली उचलायची नव्हती.

बाईंनी आल्या आल्या विषय काढला. रोज तक्रार असते म्हणे, खरं काय ते सांगा.

चिमणीच्या आईने एकदा मावशींकडे बघितलं. मग मान खाली घालून ती म्हणाली, की जेवण चांगलंच असतं, आजवर कधीच काही चुकलेलं नाही. मावशींचा जीव भांड्यात पडला.

बाई खूश झाल्या. जागा तुमचीच समजा, असं मावशींना म्हणाल्या. आणि इतकं चांगलं असेल तर या ताईंना रोज कशाला त्रास, महिन्यातून एकदा कुणीतरी चाखलं तरी पुरे.

वाटीच्या कडेला लागलेलं चिमणीच्या आईने बोटाने निपटून तोंडात घातलं. वाटी खाली ठेवायची सोडून ती दोन्ही हातांत धरून उभी राहिली. इतके दिवस मावशींनी तिची फक्त जीभ बघितली होती. तिची काडीसारखी मनगटं आज बघितली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बाई, भिडेला पडून खोटं बोलल्या त्या," मावशी म्हणाल्या. "माझ्या हाताला आता अंदाज राहिलेला नाही. ते मोठं स्वयंपाकघर दुसऱ्या कुणाला तरी द्या. आणि यांना इथे रोज येऊ द्या. दोन वाट्या पोटात गेल्याशिवाय माझी चूक सापडत नाही त्यांना."