तोंडाचा वास

पार्लरमध्ये दिवसभर बायकांची नखं पुसणारीला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास कुणी ओळखायला शिकवायला नको. तोच वास नवऱ्याच्या तोंडाला येऊ लागला, वर स्वारी सडपातळही होत चालली, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. हा नक्की कुणाच्या तरी रंगवलेल्या बोटांना ओठ लावून येतोय!

ती भांडली नाही. घरातच गुंतून राहावा म्हणून रोज त्याच्या आवडीचं गोड करून वाढू लागली.

एका सकाळी तो चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी वाकून वास घेतला. “साखर भयंकर वाढलीय. पेशींना ती घेता येईना, म्हणून शरीर चरबी जाळतंय. हा वास त्याचाच. अहो, इतकं गोड खात कशाला होतात?”



नवरा कसाबसा म्हणाला, “ही एवढ्या प्रेमानं वाढायची... नको कसं म्हणणार?”