रॉयसच्या अंगणातली पाटी

पाटी रॉयस हॅगनच्याच अंगणात होती. मार्लिस टोवेननं गाडी हळू केली आणि नीट वाचली. शाळा मंडळासाठी ओर्विल स्टीन.

म्हणजे ओर्विलही त्याच गोटातला निघाला.

रॉयस मंडळाचा अध्यक्ष. विलो फोर्कच्या खोऱ्यातली अकरा मुलांची शाळा बंद करायची आणि ती मुलं बसनं ब्रॅडन गावात आणायची, हा त्याचा सहा वर्षांचा हट्ट. मंडळावर पाच जण. खोऱ्यातली शाळा पुढच्या वर्षी चालू ठेवायची का, यावर दर जूनमध्ये मतदान व्हायचं. तीन हात वर झाले तर शाळा राहायची, नाहीतर कुलूप. आजवर तीन हात कसेबसे व्हायचे. त्यातला एक म्हाताऱ्या एल्मरचा होता आणि एल्मर हिवाळ्यात गेला. त्याच्या जागेसाठी मार्लिस उभी होती. समोर ओर्विल.

मार्लिस खोऱ्यातल्या आईबापांची बाजू घेऊन मंडळाच्या प्रत्येक बैठकीत बोलायची. बोलायला तीन मिनिटं मिळत. रॉयस घड्याळ पुढ्यात ठेवायचा आणि तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच बोटानं टेबल वाजवायचा. सहा वर्षांची पोरं पहाटे साडेपाचला उठवून घाटातल्या बर्फावरून दीड तास न्यायची का, एवढंच ती विचारायची. उत्तर कधी मिळालं नाही.

ओर्विल गुरं पाळणारा, सावकाश बोलणारा माणूस. आपणही शाळेच्याच बाजूचे, असं तो घरोघर सांगत फिरला होता. ती पाटी लागल्यावर त्याचं कोण ऐकणार? संध्याकाळपर्यंत बातमी खोऱ्यात शेवटच्या घरापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी मार्लिसनं त्याला पशुखाद्याच्या दुकानात चारचौघांत गाठलं.

"रॉयसच्या हिरवळीवर छान शोभतोस, ओर्विल."

"मी नाही लावली. इथं बाहेर पाट्यांचा गठ्ठा ठेवला होता, त्यातली त्यानं उचलली. कुणी नेली तर नको कसं म्हणू?"

"नको म्हणणं तुला जमायचंच नाही. तेच तर मी लोकांना सांगते."

लोक हसले. ओर्विलनं टोपी सारखी केली, पोतं खांद्यावर घेतलं आणि बाहेर पडला.

त्यानंतर कुणी कुणाची भीड ठेवली नाही. ही बाई आली तर मंडळाचा बाजार होईल, असं रॉयस गावच्या सभेत म्हणाला आणि वर्तमानपत्रातही छापून आणलं. घाटाच्या तोंडाशी लावलेल्या मार्लिसच्या पाट्यांवर कुणीतरी गाडी घातली. इकडे खोऱ्यातल्या लोकांनी ओर्विलच्या बायकोशी बोलणं टाकलं. चर्चच्या जेवणाला प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा. तिच्या बटाट्याच्या पोळ्यांना कुणी हात लावला नाही, तिनं डबा भरलेलाच परत नेला. मार्लिसनं ते पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही.

निवडणुकीला आठवडा उरला असताना ओर्विल तिच्या दारात आला. आत ये, असं ती म्हणाली नाही.

"मार्लिस, तुझी जोॲन त्या शाळेत शिकवते."

"एकटीच शिकवते. मग?"

"तेच म्हणतोय. उद्या तू मंडळावर बसलीस तर..."

"पोरीच्या नोकरीसाठी उभी राहिले, हेच ना? ते गावात सगळ्यांचं म्हणून झालंय. तुझ्या मालकाला सांग, नवं काहीतरी शोधून काढ."

"तसं नाही गं. मला पुरतं बोलू दे."

"सहा वर्षं मला कुणी पुरतं बोलू दिलं?"

तिनं दार लावलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

खोऱ्यात मतदार जेमतेम नव्वद. मार्लिसला तीनशे चाळीस मतं पडली, ओर्विलला एकशे दहा. निकाल ऐकून ती मुलीला म्हणाली की गावातही खोऱ्यातल्या पोरांची काळजी असलेली माणसं आहेत म्हणायची, आपण उगाच सगळ्यांना एका मापानं मोजत होतो. जोॲन तिच्या गळ्यात पडून रडली.

जूनच्या बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. खोऱ्यातून अकराही मुलं आली होती. मार्लिसनं हात वर करून शपथ घेतली आणि एल्मरच्या खुर्चीवर बसली. पहिलाच विषय शाळेचा निघाला.

मतदानाआधी रॉयसनं चिटणीस बाईंना नियम वाचायला सांगितला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला. ज्या सदस्याच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाची नोकरी एखाद्या ठरावावर अवलंबून असेल, त्या सदस्यानं त्या ठरावावर बोलायचं नाही आणि मतही द्यायचं नाही.

मागून जोॲन उठली आणि म्हणाली की आपण आत्ता, इथंच नोकरी सोडतो. चिटणीस बाईंनी सांगितलं की राजीनामा मंडळानं मंजूर करावा लागतो आणि तो विषय पुढच्या बैठकीतच घेता येईल.

रॉयसनं मतं मागितली. दोन हात वर झाले. मार्लिसचे हात मांडीवर होते. तिनं ते एकमेकांत घट्ट धरले होते.

"दोन," रॉयस म्हणाला. "ठराव नामंजूर."

एक मूल आईला विचारत होतं की आपण जिंकलो का. आईनं त्याला उचललं आणि बाहेर नेलं. हळूहळू सगळेच गेले. ओर्विल दारात थांबला, मार्लिसकडे बघितलं आणि तोही गेला.

रॉयस कागद गोळा करत होता. मार्लिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नशीबवान आहेस," ती म्हणाली. "तुझा माणूस पडला, तरी तुझं काम झालं."

"माझा माणूस?" रॉयसनं कागद टेबलावर आपटून सारखे केले. "आमच्या घरातली पाचही मतं तुला होती, मार्लिस."