खाऱ्या पाण्यावरचा हरभरा

हायस्कूलच्या निता मॅडम आणि विद्यापीठातले नोमान सर यांनी मिळून उपक्रम आखला होता: प्रश्न मुलांनी काढायचा, प्रयोग मुलांनी करायचा, उत्तर त्यांनीच शोधायचं. किन्हीराजाहून येणाऱ्या रीताचा प्रश्न घरचाच होता: "आमच्या नव्या बोअरचं पाणी खारं हाये, त्याच्यावर हरभरा निंघन काय?" तेच पाणी घातलेल्या तिच्या कागदी कपात एकही दाणा फुटला नाही. आज सर येणार म्हणून मॅडमनी सकाळीच शेजारच्या कपातले कोंब उपटून रीताच्या कपात खोचले. म्हणाल्या, "पाहुण्यापुढं नुसती माती बरी दिसते काय, पोरी?" सरांनी तो कप हातात घेतला. "वा! खाऱ्या पाण्यावरबी निंघाला! मंग आता बाबाले सांग, बिनधास्त पेरा म्हणा." मॅडमनी सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या. "याच्यापुढं कोणता प्रश्न पडला तुले?" सरांनी हौसेनं विचारलं. रीतानं मॅडमकडे पाहिलं, मग कपाकडे. "कोणताच नाई, सर."