शेजारची जागा

छबूबाईच्या दहाव्याला कऱ्हेकाठी कावळा काही पिंडाला शिवेना. "लेकरं मी सांभाळीन, आक्का," भावानं शब्द दिला. "नुकसानभरपाई घेतल्याबिगर त्या रेल्वेवाल्यास्नी सोडत न्हाय," नवरा सावळाराम गरजला. तरी कावळा लांबच.

आजारी बायकोला पुण्याच्या दवाखान्यात न्यायला त्यानं गादीच्या डब्याचं तिकीट काढलं होतं. ऐन वेळी गार्डानं ती जागा कुणा साहेबाला दिली आणि हिला थर्ड क्लासात कोंबलं. सावळाराम दारात गार्डाशी भांडत राहिला. आतून ती म्हणत होती, "ऱ्हाऊ द्या. माझ्यापाशी बसा." तो वळला, तेव्हा ती गेलेली होती.

ते आठवलं तसा तो पिंडापाशी जाऊन मटकन बसला. "बसलो गं."

कावळा त्याच्या शेजारीच उतरला आणि पिंडाला शिवला.