सत्याप्पाची दाढ

सत्याप्पा काही केल्या तोंड उघडेना. डॉक्टर विमलाबाईंच्या हातातली पकड दिसली, तेव्हापासून त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले होते. आठवडाभर दाढ ठणकत होती. झोप नव्हती, जेवण नव्हतं. एकोणऐंशी सालचा उन्हाळा. अळणावरहून पहिल्या बसनं तो बायकोला घेऊन धारवाडला आला होता, आणि सुभाष रोडवरच्या दवाखान्यात नुसती मान हलवत होता.

"अण्णा, आधी फक्त बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाजारात बैलाचा जबडा उघडून दात बघतात, आणि स्वतःचा उघडेना," शेजारी उभी असलेली भीमाबाई म्हणाली. "अहो, असा आ करायचा. त्यात काय हाय?" नवऱ्याला दाखवायला तिनं बोटानं गाल ओढून मोठा आ केला.

डॉक्टरबाईंनी पकड खाली ठेवली.

"अक्का, तोंड मिटू नका."

सत्याप्पाला उठवून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. दिवा वळवला, आरसा आत धरला. भीमाबाई रोज जिथं तंबाखूची चिमूट धरायची, तिथंच गालाला पांढरा चट्टा होता. मध्ये लाल, कडेला टणक.

"दुखतंय?"

"अजिबात न्हाई. दुखतंय ते यांचं."

"दुखेपर्यंत थांबलात तर उशीर होईल. हा कॅन्सर असू शकतो. उद्याच हुबळीला जा, तुकडा काढून तपासतील."

सत्याप्पाची दाढ त्या दिवशी तशीच राहिली. ती काढायची होती, हे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही.

कॅन्सरच निघाला, पण नखाएवढा. गालाचा तेवढा भाग काढला, टाके पडले. तंबाखूची डबी भीमाबाईनं आपल्या हातानं चुलीत उपडी केली.

वर्षानं डॉक्टरबाईंनी तिचा गाल पुन्हा निरखून पाहिला, बोटानं चाचपला. मऊ होता.

"काही नाही आता," त्या म्हणाल्या.

वर्षभर लवंगेवर दाढेचा ठणका निभावलेला सत्याप्पा मग आपणहून खुर्चीत बसला आणि कुणी न सांगता त्यानं आ केला. दाढ निघाली. कापूस चावत त्यानं तळहात पुढं केला.

"टाकू नका, बाई. द्या इकडं."

"किडकी दाढ नेऊन काय देव्हाऱ्यात ठेवणार?" भीमाबाई म्हणाली.

"व्हय. ही दुखली म्हणून तू इथं आलीस."

दाढ घ्यायला भीमाबाईनं पदर पसरला.