आपल्या शब्दांतली दुआ

कात्री थांबली तरी ज्याचं तोंड थांबत नसे, त्या न्हाव्याची पक्षाघाताने बोलतीच बंद केली. हात हळूहळू वळू लागला, पण साधं पाणी हवं असलं तरी शब्द सापडत नसे. खुर्चीवर बसून नमाज पढताना मात्र लहानपणी पाठ केलेल्या कुराणातल्या आयती घडाघडा ओठांवर येत.

"अल्लाशी गप्पा आणि माझ्याशी अबोला होय?" बायको चिडवायची. तो कसनुसा हसायचा. पण त्याने एखादा शब्द जुळवायला घेतला की तिलाच धीर निघत नसे. "चहा ना? उशी ना? खिडकी लावू?" म्हणत तीच त्याचं वाक्य पुरं करून टाकायची.

त्याच्याकडून बोलायचा सराव करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी तिला समजावलं, "पाठ केलेलं टिकून राहतं, स्वतःचं वाक्य मात्र नव्याने जुळवावं लागतं. नमाज झाली की त्यांना आपल्या भाषेत दुआ मागू द्या. तिथे त्यांना कुणी घाई करणार नाही."

तेव्हापासून तो नमाजनंतर हात पसरून बसू लागला. कपाळाला घाम फुटायचा, पण 'या अल्ला'च्या पुढे गाडी सरकायची नाही. मध्येच बोलून जाऊ नये म्हणून बायको ओढणी तोंडात धरून दाराआड उभी राहायची.

एका संध्याकाळी तो एकेक शब्द शोधत म्हणाला, "या अल्ला... हिला... जरा... गप्प... बसव."

बायको हसत-रडत आत धावली. "आमीन!" ती म्हणाली. "आता माझ्या बाकीच्या तक्रारीही करा की त्याच्याकडे!"